नळ ठिबकू लागला म्हणजे

रात्री घरातील माणसे निजतात, रस्त्यावरील वर्दळ थांबते आणि मग न्हाणीघरातून एक आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागतो. टप, टप, टप. तो आवाज दिवसाही असतोच. पण भांड्यांच्या आणि माणसांच्या गलबल्यात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरातील एखादा गृहस्थ उठतो, नळ करकचून आवळतो आणि समाधानाने पुन्हा अंथरुणावर पडतो. चार दिवसांनी तोच आवाज पुन्हा येतो, आणि या वेळी दुप्पट जोर लावूनही तो थांबत नाही. मग नळाखाली एक बादली ठेवण्यात येते. बादली ठेवणे हा आपल्याकडील नळदुरुस्तीचा सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या ठिबकण्याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. दर सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. औषधाच्या मापाप्रमाणे एका मिलिलिटरला वीस थेंब धरले, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी वाया जाते. नळाचा थेंब औषधाच्या थेंबापेक्षा बहुधा मोठाच असतो; तेव्हा हा हिशेब कमीत कमीचा समजावा.

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात या आकड्याला विशेष अर्थ आहे. डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यापर्यंत जाण्याची आठवण तेथील अनेक घरांत अजून ताजी आहे. उटनूरकडील डोंगराळ भागातील गोंड आणि कोलाम वस्त्यांत तर उन्हाळ्यातील पाण्याचा प्रश्न हाच पिढ्यानपिढ्या जगण्याचा प्रश्न होता. तेलंगण सरकारने २०१६ साली ‘मिशन भगीरथ’ ही योजना सुरू केली आणि नद्यांचे शुद्ध केलेले पाणी नळाने घरोघर पोहोचविण्याचे काम हाती घेतले. खेड्यातील माणसामागे दिवसाला १०० लिटर आणि नगरपालिकेच्या शहरातील माणसामागे १३५ लिटर, असे तिचे प्रमाण ठरविण्यात आले. म्हणजे खेड्यातील एका नळाचे महिनाभराचे ठिबकणे हे एका माणसाच्या पुऱ्या दिवसाच्या वाट्याहून अधिक होते.

तेलंगणात नळाला ‘नल्ला’ म्हणतात आणि आदिलाबादेतील मराठी घरांनाही हा शब्द परका नाही. मात्र शब्द जितक्या सहजतेने घरात येतो, तितक्या सहजतेने त्या वस्तूचे ज्ञान येत नाही. विहिरीचा दोर झिजला तर तो डोळ्यांना दिसत असे. रहाट कुरकुरू लागला तर घरातील कोणीही त्याला तेल घालीत असे. नळाचे तसे नाही. त्याचे अर्धे शरीर भिंतीत आणि अर्धे जमिनीखाली असते. त्यामुळे घरोघर दोन प्रकारची माणसे आढळतात. एक प्रकार असा, की वायसर बदलण्याएवढ्या क्षुल्लक कामासाठी आठ दिवस कारागिराची वाट पाहतो आणि तोपर्यंत पाणी वाहू देतो. दुसरा प्रकार असा, की हातात पाना आला म्हणजे सर्व विद्या आली असे समजून नको तेथे हात घालतो आणि ठिबकत्या नळाचे कारंजे करून ठेवतो. या दोहोंमधील मार्ग कोणता, हाच येथे विचाराचा विषय आहे.

तो मार्ग ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, बिघाड झालेल्या ठिकाणचे पाणी आपल्या हाताने बंद करता येते काय? दुसरा, बिघाड डोळ्यांना दिसतो काय? आणि तिसरा, काम चुकलेच तर त्याचा परिणाम थोड्याशा सांडलवंडीपुरताच राहील काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तर ते काम घरचे. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ते काम कारागिराचे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपल्या घरातील पाण्याची वाट ठाऊक असावी लागते. रस्त्याखालील सार्वजनिक नळातून एक बारीक नळी घराकडे येते. तिच्यातून पाणी हौदात पडते; हौदातून मोटारीने ते गच्चीवरील टाकीत चढते आणि टाकीतून स्वतःच्या भाराने न्हाणीघर, मोरी आणि स्वयंपाकघर येथे उतरते. या वाटेवर ठिकठिकाणी चाव्या असतात: रस्त्याकडून येणाऱ्या नळीवर एक, टाकीच्या तोंडाशी एक आणि सुव्यवस्थित घरात प्रत्येक न्हाणीघराची एक. या चाव्या कोठे आहेत हे घरातील एकाच पुरुषाला माहीत असून भागत नाही. नळ फुटतो तेव्हा तो गृहस्थ बहुधा कचेरीत असतो. गृहिणीला, शाळकरी मुलाला आणि घरातील वृद्धांनाही त्या ठाऊक असाव्यात. शिवाय महिना दोन महिन्यांतून प्रत्येक चावी एकदा पूर्ण बंद करून उघडावी. वर्षानुवर्षे न फिरविलेली चावी क्षार आणि गंज यांनी जागच्या जागी बसते, आणि ऐन प्रसंगी फिरता फिरत नाही.

आता घरच्या कामांकडे वळावे. त्यांपैकी पहिले काम ठिबकणाऱ्या नळाचे. जुन्या पद्धतीच्या फिरकीच्या नळात आत एक रबराची चकती असते. तिलाच वायसर म्हणतात. नळ बंद केला की ही चकती पितळेच्या बैठकीवर दाबली जाते आणि पाण्याची वाट अडते. चकती झिजली की पाणी झिरपते. नळ जोराने आवळल्याने झिजलेली चकती अधिकच कुरतडली जाते आणि पुढे बैठकीलाही खाचा पडतात. म्हणजे मघाच्या त्या गृहस्थाचा मध्यरात्रीचा जोर हा उपाय नसून आजाराचे कारणच आहे.

वायसर बदलण्याची रीत सोपी आहे. प्रथम चावी बंद करावी आणि नळ उघडून नळीतील उरलेले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या तोंडावर फडके टाकावे, म्हणजे एखादा पेच निसटून आत जाणार नाही. नळाच्या वरच्या भागावर कापड गुंडाळून पान्याने तो डावीकडे फिरवून उघडावा. आतील जुनी चकती काढून ती दुकानात नमुना म्हणून न्यावी आणि त्याच मापाची नवी आणावी. ती बसविण्यापूर्वी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. बैठक गुळगुळीत असेल तर नव्या चकतीने काम होईल. खडबडीत लागली तर नवी चकतीही थोड्याच दिवसांत फाटेल, आणि तेव्हा नळच बदलणे शहाणपणाचे. पाणी तोटीतून न येता मुठीपाशी झिरपत असेल, तर तेथील लहान पेच किंचित आवळून पाहावा. अर्ध्या फेऱ्यात उघडमीट होणाऱ्या नव्या नळांत बहुधा रबरी चकती नसते. चिनी मातीच्या दोन तबकड्या एकमेकींवर सरकत असतात. तेथे आतील संपूर्ण पुंगळीच बदलावी लागते. तीही नमुना दाखवून मिळते.

दुसरे काम टाकीचे. टाकी भरूनही पाणी वाहत राहिले तर दोष बहुधा तरंगत्या गोळ्याच्या चावीत, म्हणजे बॉलकॉकमध्ये असतो. गोळ्यात पाणी शिरून तो जड झाला आहे काय, दांडी वाकली आहे काय, तोंडाशी कचरा अडकला आहे काय, एवढे पाहिले की कारण सापडते. शौचकूपावरील पाण्याच्या पेटीची गळती मात्र आवाज न करता होते. तिची परीक्षा म्हणजे पेटीतील पाण्यात थोडी नीळ टाकावी आणि अर्धा तास पेटी ओढू नये. खाली भांड्यात निळसर रंग उतरला, तर आतील रबरी झाकण नीट बसत नाही असे समजावे.

तिसरे काम क्षारांचे. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुना नळाच्या जाळीत आणि फवाऱ्याच्या छिद्रांत साचतो, धार बारीक होते आणि घरमालक मोटार बदलण्याच्या गोष्टी करू लागतो. वस्तुतः जाळी काढून रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि सकाळी जुन्या दातांच्या ब्रशाने घासली की धार पूर्ववत होते.

चौथे काम तुंबलेल्या मोरीचे. प्रत्येक मोरीखाली वाकडी नळी किंवा खोलगट भांडे असते आणि त्यात थोडे पाणी नेहमी साचून राहते. बाजारात न्हाणीघराच्या अशा भांड्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्या नावात आपली न्हाणीच ऐकू येते. त्यात साचलेले पाणी म्हणजे घाण नव्हे. गटारातील दुर्गंधी आणि झुरळे यांना घरात येऊ न देणारा तो पहारेकरी आहे. न वापरलेल्या न्हाणीघरात वास येऊ लागला, तर ते पाणी आटले आहे असे समजून तांब्याभर पाणी ओतावे. मोरी तुंबली तर प्रथम जाळी काढून केस आणि गाळ हाताने काढावा, नंतर रबरी दट्ट्याने दाब द्यावा. भांडी घासण्याच्या मोरीखालील नळी हाताने उघडते. तिच्याखाली बादली ठेवून ती साफ करावी. मोरीत तेजाब ओतण्याची सवय मात्र घातक आहे. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

या सर्व कामांना लागणारी सामग्री एका लहान डब्यात मावते: एक फिरता पाना, एक पक्कड, एक पेचकस, टेफ्लॉनच्या पट्टीची गुंडाळी, दोनचार वायसर आणि एक रबरी दट्ट्या. आट्याच्या सांध्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळताना ती आटे आवळण्याच्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळली तर आवळताना सुटून येते. प्लॅस्टिकच्या आट्यावर जोर करू नये. लोखंडाला जो जोर सोसतो तो प्लॅस्टिकला तडा देतो.

परदेशी पुस्तकांत घरच्या नळांविषयी वाचले तर थंडीने नळीतील पाणी गोठून ती फुटते, ही भीती मोठ्या अक्षरांत दिलेली आढळते. आदिलाबादेची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. तरी तेथील नळांचा वैरी थंडी नव्हे. तेथील वैरी दोन, ऊन आणि काळी माती. गच्चीवरून उघड्या नेलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या वर्षानुवर्षे उन्हात राहून ठिसूळ होतात आणि एखाद्या दिवशी कपडे वाळत घालणाऱ्या हाताचा धक्काही त्यांना पुरतो. अशा नळ्यांना रंगाचा लेप द्यावा किंवा त्या झाकून घ्याव्यात.

काळ्या मातीचा खेळ अधिक खोल आहे. कापसाला जी जमीन मानवते तीच नळीला मानवत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हातभर भेगा पडतात. तिच्यात पुरलेली नळी दरवर्षी उचलली जाते, खचते आणि शेवटी सांध्यापाशी सुटते. म्हणून जैनथ-बेलाकडील काळ्या रानात नवे घर बांधणाऱ्याने नळीभोवती वाळूचा थर देऊन मगच चर बुजवावा. त्या वेळी वाचविलेली दोन टोपली वाळू पुढे अंगण खणण्याच्या खर्चाने वसूल होते.

येथेच कारागिराच्या कामाची सीमा सुरू होते. कारण जमिनीखालची गळती डोळ्यांना दिसत नाही. ती आहे की नाही, एवढे मात्र घरच्या घरी कळू शकते. रात्री निजताना सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याची पातळी खडूने आखून ठेवावी आणि सकाळी कोणी नळ उघडण्यापूर्वी पाहावी. पातळी उतरली असेल, शौचकूपाची पेटी ठीक असेल आणि कोठेही ओल दिसत नसेल, तर पाणी भिंतीत किंवा जमिनीत मुरत आहे. दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडची चावी बंद करून हाच प्रयोग करावा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते; न उतरली तर नळ्या गळतात. एवढी माहिती हाताशी असली म्हणजे कारागिराचा अर्धा दिवस आणि घरमालकाची अर्धी मजुरी वाचते. भिंत मात्र स्वतः फोडू नये.

दुसरी सीमा रस्त्याकडून घरात येणाऱ्या नळीची. तिच्यावरील गळती ही सर्वांत क्षुल्लक वाटणारी आणि सर्वांत गंभीर अशी बाब आहे. आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला पाणी ठराविक वेळेपुरतेच येते. पाणी चालू असते तोवर नळीत दाब असतो आणि गळतीतून पाणी बाहेर पडते. पुरवठा थांबला की दाब ओसरतो, उताराकडे पाणी निघून जाते आणि नळीत ओढ निर्माण होते. मग त्याच छिद्रातून बाहेरचे साचलेले पाणी आत शिरते. पुष्कळदा ही नळी गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेली असते. कोणी सार्वजनिक नळीला थेट मोटार लावली, तर ती ओढ अनेक पटींनी वाढते. शेजाऱ्याचे पाणी पळविण्यासाठी लावलेली मोटार गटाराचे पाणीही आपल्याच घरात खेचून आणू शकते. पटकी, विषमज्वर, हगवण आणि कावीळ हे रोग याच वाटेने घरात येतात. सकाळचे पहिले पाणी गढूळ किंवा वास मारणारे आले, तर ते मुळीच पिऊ नये, तत्काळ नगरपालिकेस अथवा ग्रामपंचायतीस कळवावे, आणि दोष दूर होईपर्यंत स्वच्छ आलेले पाणीही उकळूनच प्यावे. त्या नळीवर सायकलची रबरी पट्टी गुंडाळून वेळ मारून नेणे म्हणजे गावाच्या आरोग्याशी खेळणे होय.

एका घराच्या मोरीने केवढा अनर्थ घडू शकतो, याचे उदाहरण लंडन शहराने १८५४ साली पाहिले. सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ उसळली आणि थोड्या आठवड्यांत सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची स्थाने नकाशावर मांडून दाखविले की, बहुतेक रोगी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होते. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढल्या वर्षी खणून पाहता आढळले की, विहिरीपासून सुमारे तीन फुटांवर एका घराचे शोषखड्ड्यासारखे कुंड होते, त्याच्या विटा निखळलेल्या होत्या, आणि त्यातील मैला विहिरीत झिरपत होता. त्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या प्रारंभी आजारी होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी त्याच कुंडात जात होते. काही विटांची दुरुस्ती वेळीच झाली असती, तर तेवढी घरे उजाड झाली नसती.

तिसरी सीमा विजेची. मोटार आणि गीझर यांत पाणी व वीज एकत्र नांदतात. मोटारीला हात लावताना मुंग्या आल्यासारखे झाले, गीझरच्या पाण्याने झिणझिण्या आल्या, किंवा खटका वारंवार पडू लागला, तर मुख्य स्विच बंद करून वीजतंत्र्यालाच बोलवावे. गीझरच्या बाजूच्या लहान चावीतून पाणी तापताना काही थेंब पडतात. ती गळती समजून ती चावी कोणी खुंटी ठोकून बंद करतात. ही चावी वाढलेला दाब बाहेर सोडण्यासाठीच असते. ती बुजविणे म्हणजे भांड्याचा स्फोट ओढवून घेणे होय. आपल्या जुन्या बंबाचे तोंड उघडे असे, म्हणून त्याला ही भीती नव्हती. बंद गीझरला ती आहे.

चौथी सीमा मैल्याच्या टाकीची, आणि तेथे तर नियम निरपवाद आहे. त्या टाकीत कोणीही उतरू नये आणि कोणालाही उतरवू नये. तीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू साचलेले असतात. दुसऱ्याचा वास प्रथम कुजक्या अंड्यासारखा येतो. पण प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करतो आणि वास गेला असे वाटत असतानाच माणूस कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. माणसाला अशा टाकीत संरक्षक साधनांवाचून उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट ही, की दोनचारशे रुपये वाचविण्यासाठी एखाद्या गरिबाच्या घरचा दिवा विझविण्याचा अधिकार कोणालाही नाही. या कामासाठी मैला शोषून नेणारी गाडी बोलवावी. दुसरा मार्ग नाही.

कारागिराला बोलाविण्यात काही कमीपणा आहे, असे काही स्वाभिमानी गृहस्थांना वाटते. त्यांनी या धंद्याची परंपरा लक्षात घ्यावी. ‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, ‘प्लंबम्’ या शब्दावरून आला. कारण रोमन लोक नळ्या शिशाच्या करीत. शिसे पाण्यात उतरून शरीराला अपाय करते हे कळल्यावर नळ्यांची धातू बदलली. नाव मात्र राहिले. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडाई नावाचे गाव आहे. त्या परिसरातील माणसे पिढ्यानपिढ्या नळकामासाठी देशभर गेली, आणि मोठमोठ्या शहरांतील इमारतींचे नळ त्यांच्या हातचे आहेत. आय.टी.आय.मध्ये प्लंबर हा एक वर्षाचा स्वतंत्र शिक्षणक्रम आहे. ज्याने जोडाचा कोन, उताराचे माप आणि दाबाचे गणित शिकून घेतले आहे, त्याचा हात हा अंदाजाने पाना फिरविणाऱ्या हातापेक्षा निराळा असतो.

अशा कारागिराशी व्यवहार कसा करावा, हीही शिकण्याची गोष्ट आहे. ‘नळ बिघडला आहे, या’ एवढाच निरोप न धाडता काय दिसते, केव्हापासून दिसते आणि कोणती चावी बंद केल्यावर थांबते, हे सांगावे. मजुरी आणि सामान यांचा हिशेब काम सुरू होण्यापूर्वी ठरवावा. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. त्यावरून बिघाडाचे कारण कळते. भिंतीतील काम असेल तर गिलावा करण्यापूर्वी नळीत पाणी सोडून सांधे कोरडे राहतात की नाही ते पाहावे. उघड्या नळ्यांचे एक छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे, म्हणजे पुढे भिंतीत खिळा ठोकताना अंदाज चुकणार नाही. आणि काम चोख झाले तर मजुरी देताना घासाघीस करू नये. ज्याला सन्मानाने वागविले तो कारागीर अडीअडचणीच्या वेळी रात्रीही येतो.

तो येईपर्यंत काय करावे? चावी बंद करावी. ती बंद होत नसेल तर टाकीच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसवावा. पाणी विजेच्या खटक्याकडे जात असेल तर त्या पाण्यात पाय न घालता, कोरड्या जागी उभे राहून मुख्य स्विच बंद करावा. फुटलेल्या उघड्या नळीवर रबराची पट्टी आणि सुतळी आवळून तात्पुरते बांधता येते. मात्र तात्पुरते ते तात्पुरतेच समजावे. आपल्याकडे सुतळीची गाठ एकदा बसली की ती वर्षभर सुटत नाही, हा अनुभव घरोघरचा आहे.

नळाने बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरविला, पण पाणी सांभाळण्याची जबाबदारी उतरविली नाही. ती आता घरातील सर्वांची झाली आहे. ज्या श्रोत्यांच्या न्हाणीघरात बादली ठेवलेली असेल, त्यांनी आज रात्री निजण्यापूर्वी टाकीत एक खडूची रेघ ओढावी. सकाळी ती रेघ पाण्याच्या वर दिसली, तर उद्याच्या कामाची यादी तयार झाली असे समजावे. वायसर असेल तर तो घरच्या हाताने बदलला जाईल, आणि त्याहून अधिक काही असेल तर योग्य माणसाला निरोप जाईल. दोन्ही मार्गांनी न्हाणीघरातील ती टपटप थांबेल.